धान्य पिकवणाऱ्याला गाव सोडता येत नव्हते : सोव्हिएत खेड्यातील दैनंदिन जीवन

१/ २७ डिसेंबर १९३२. सोव्हिएत संघात 'अंतर्गत पासपोर्ट' लागू झाला. हा परदेशी जाण्याचा परवाना नव्हता. स्वतःच्याच देशातील शहरात राहण्यासाठी आणि नोकरीसाठी लागणारा ओळखीचा कागद होता. काही पट्टे वगळता खेड्यातील रहिवाशांना तो दिला गेला नाही.

२/ तोवर बहुतेक शेतकऱ्यांची जमीन, घोडे आणि अवजारे 'कोल्खोज' म्हणजे सामूहिक शेतीत गेली होती. १९३२-३३ च्या दुष्काळात लाखो माणसे दगावली. जानेवारी १९३३ मध्ये तर युक्रेन आणि उत्तर कॉकेशसमधील उपाशी शेतकऱ्यांना प्रदेशाबाहेर पडण्यासच बंदी झाली.

३/ कोल्खोजमध्ये पगार नव्हता. कामाची नोंद 'त्रुदोदेन' म्हणजे श्रमदिन या एककात होई. आधी सरकारची सक्तीची वसुली, मग ट्रॅक्टर केंद्राचा मोबदला, मग बियाणे. उरलेले धान्य श्रमदिनांच्या प्रमाणात वाटले जाई. वाईट वर्षी उरत काहीच नसे.

४/ ७ ऑगस्ट १९३२ च्या कायद्याने सामूहिक मालाच्या चोरीस मृत्युदंड किंवा १० वर्षे कैद ठरवली. कापणीनंतर शेतात सरवा वेचणारेही त्यात सापडले. लोकांनी त्याला 'कणसांचा कायदा' म्हटले.

५/ कुटुंब जगवले ते परसाने. १९३५ च्या नियमावलीनुसार बहुतेक घरांना पाव ते अर्धा हेक्टर तुकडा मिळे. त्यात बटाटे, कोबी. गोठ्यात एखादी गाय. त्यावरही दूध, मांस, अंडी यांची वसुली आणि रोख कर होताच. महायुद्धानंतर कराच्या ओझ्याने काहींनी दारातील फळझाडे तोडली. स्टालिनच्या मृत्यूनंतर १९५३ मध्ये हा कर घटला.

६/ सुटकेच्या वाटा मोजक्याच : शिक्षण, कारखान्यांची भरती, सैन्य. सैन्यात गेलेले अनेक तरुण परतलेच नाहीत, शहरात स्थिरावले. कोल्खोजचा भार प्रामुख्याने स्त्रिया आणि वृद्धांवर पडला.

७/ रशियात भूदासप्रथा १८६१ मध्ये संपली होती. बोल्शेविक पक्षाच्या आद्याक्षरांचा अर्थ शेतकरी खासगीत 'बोल्शेविकांची दुसरी भूदासप्रथा' असा लावत.

८/ कोल्खोजच्या शेतकऱ्याला १९६५ पासून सर्वत्र निवृत्तिवेतन, १९६६ पासून हमीचे वेतन मिळू लागले. पासपोर्टचा निर्णय १९७४ मध्ये झाला. वाटप १९७६ पासून. पद्धत सुरू झाली त्या वर्षी कोल्खोजमध्ये जन्मलेली आणि तिथेच राबलेली मुलगी तोवर चव्वेचाळीस वर्षांची झाली होती.