सीग्रुप

कंट्रोल ग्रुप अथवा सीग्रुप ही लिनक्स कर्नेलमधील एक सुविधा आहे. सर्व्हरवर चालणाऱ्या अनेक प्रक्रियांना एका गटात बांधून त्या गटाने वापरलेला प्रोसेसरचा वेळ, मेमरी आणि डिस्कवरील वाचन-लेखन यांचा एकत्रित हिशेब ठेवणे व आवश्यक तेथे त्या वापरावर मर्यादा घालणे, हे तिचे कार्य होय.

गरज

वेब सर्व्हर किंवा डेटाबेस यांसारखी सेवा अनेकदा बऱ्याच प्रक्रिया मिळून चालवतात. ‘टॉप’ व ‘पीएस’ या आज्ञा प्रत्येक प्रक्रियेचा वापर स्वतंत्रपणे दाखवतात. परंतु त्या आकड्यांची बेरीज म्हणजे सेवेचा खरा वापर नव्हे. मेमरीचा जो भाग अनेक प्रक्रिया सामाईकपणे वापरतात, तो प्रत्येकीच्या नावे मोजला गेल्याने बेरीज फुगते. उलट, दोन पाहण्यांच्या मधल्या काळात सुरू होऊन संपलेल्या प्रक्रिया यादीत येतच नाहीत, त्यामुळे प्रोसेसरचा वापर कमी भासतो.

युनिक्समध्ये ‘प्रोसेस ग्रुप’ ही संकल्पना पूर्वीपासून आहे. मात्र तिचा उपयोग मुख्यतः एका कामातील सर्व प्रक्रियांना एकदम संकेत पाठवण्यासाठी होतो, मोजमापासाठी नाही. शिवाय प्रक्रिया आपला असा गट बदलू शकते. सीग्रुपमध्ये नवी प्रक्रिया जनक प्रक्रियेच्याच गटात जन्मते आणि पुरेसे अधिकार नसल्यास तिला गटाबाहेर पडता येत नाही.

इतिहास

गूगलमधील अभियंते पॉल मेनाज आणि रोहित सेठ यांनी २००६ मध्ये ‘प्रोसेस कंटेनर’ या नावाने हे काम सुरू केले. ‘कंटेनर’ या शब्दाच्या अनेक अर्थांमुळे गोंधळ होऊ लागल्याने २००७ मध्ये नाव बदलण्यात आले. जानेवारी २००८ मधील लिनक्स २.६.२४ या आवृत्तीत ही सुविधा समाविष्ट झाली. पहिल्या रचनेत प्रत्येक संसाधनासाठी गटांची वेगळी उतरंड ठेवता येत असे. तेजुन हिओ यांनी पुढे आणलेल्या दुसऱ्या रचनेत सर्व संसाधनांसाठी एकच उतरंड आहे. ती २०१६ मधील ४.५ या आवृत्तीपासून अधिकृत मानली जाते.

मापन

प्रत्येक गट हा ‘/सिस/एफएस/सीग्रुप’ येथील एक फोल्डर असतो व त्यातील फाइली वाचून वापर समजतो.

* सीपीयू.स्टॅट – प्रोसेसरचा एकूण वेळ, मायक्रोसेकंदांत. संपलेल्या प्रक्रियांचा वेळही यात धरलेला असतो.
* मेमरी.करंट – सध्याचा मेमरीवापर, बाइटमध्ये.
* आयओ.स्टॅट – प्रत्येक डिस्कवरील वाचन-लेखन.
* पीआयडीज.करंट – गटातील प्रक्रिया व थ्रेड यांची संख्या.

प्रोसेसरचा आकडा सतत वाढत जाणारा असल्याने दोन नोंदींमधील फरक घ्यावा लागतो. उदाहरणार्थ, १० सेकंदांत तो ५०,००,००० ने वाढला, तर गटाने सरासरी अर्धा प्रोसेसर वापरला असे ठरते. सिस्टमडी प्रत्येक सेवेसाठी असा गट आपोआप तयार करते आणि ‘सिस्टमडी-सीजीटॉप’ ही आज्ञा गटांची तुलना दाखवते.

आकडे वाचताना

‘मेमरी.करंट’मध्ये डिस्कवरून वाचलेल्या फाइलींची तात्पुरती साठवणही मोजली जाते. कर्नेल ती गरजेनुसार मोकळी करू शकते. म्हणून केवळ मोठा आकडा पाहून प्रोग्राममध्ये मेमरीची गळती आहे असा निष्कर्ष काढणे योग्य नाही. तपशिलासाठी ‘मेमरी.स्टॅट’ पाहावी लागते. तसेच दोन गटांनी सामाईक वापरलेला भाग सामान्यतः प्रथम वापर करणाऱ्या गटाच्या नावे मांडला जातो.

मर्यादा

‘मेमरी.मॅक्स’मध्ये कमाल मर्यादा लिहिता येते. ती गाठल्यावर कर्नेल आधी गटाची मेमरी मोकळी करण्याचा प्रयत्न करते. ते न साधल्यास त्याच गटातील प्रक्रिया बंद केली जाते. त्यामुळे एका सेवेतील दोषाची झळ सर्व्हरवरील इतर सेवांना सहसा पोहोचत नाही. डॉकर व कुबरनेटिस या प्रणालींतील कंटेनरांच्या मर्यादा याच सुविधेवर आधारलेल्या आहेत.