दक्षिणेची वाट : पंढरीची पायी वारी, अनुभवलेखन आणि इतिहासाची साधने

प्रस्तावना :

पंढरपूरची वारी हा महाराष्ट्राच्या सामाजिक व सांस्कृतिक इतिहासातील महत्त्वाचा विषय होय. संतवाङ्मयाचे अभ्यासक, समाजशास्त्रज्ञ व परदेशी विद्वान यांनी या विषयावर विपुल लेखन केले आहे. मात्र या लेखनाचा बारकाईने विचार केला असता असे दिसते की, त्यातील वाट बहुधा एकच आहे : आळंदी, पुणे, सासवड, लोणंद, फलटण. वारीचा अभ्यास म्हणजे आळंदीच्या पालखीचा अभ्यास, असे समीकरणच जणू रूढ झाले आहे. कृष्णाकाठच्या गावांतून कवठे महांकाळ, सांगोला या मार्गाने पंढरीस जाणाऱ्या लहान लहान दिंड्यांची दखल त्या मानाने फार थोडी घेतली गेली.

प्रस्तुत लेखात दोन प्रश्नांचा विचार केला आहे. वारीच्या जडणघडणीत सातारा-सांगली परिसराचा वाटा कोणता, हा पहिला. ज्यांनी ही वाट चालून त्याविषयी लिहिले, त्यांच्या लेखनावर इतिहासाच्या अभ्यासकाने कितपत विसंबावे, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर सोपे आहे. दुसऱ्याचे तितके सोपे नाही.

आरफळ आणि अंकली :

आज आपण ज्या स्वरूपात आळंदीचा पालखी सोहळा पाहतो, त्याची घडी हैबतबाबा आरफळकर यांनी बसविली. हे मूळचे सातारा जिल्ह्यातील आरफळचे, पवार घराण्यातील. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी त्यांनी चाकरी केली. गावी परतताना वाटेत लुटारूंनी पकडले असता हरिपाठाच्या अखंड म्हणण्याने सुटका झाली आणि उर्वरित आयुष्य त्यांनी आळंदीस वाहिले, अशी कथा संप्रदायात सांगतात. कथेचा तपशील बाजूस ठेवला तरी लष्करी चाकरीची बाब दुर्लक्षिण्यासारखी नाही.

तुकाराम महाराजांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये ज्ञानेश्वर व तुकाराम यांच्या पादुका एकत्र पालखीतून पंढरीस नेण्याची प्रथा सुरू केली, असे मानले जाते. पुढे १८३० च्या सुमारास आळंदीची पालखी स्वतंत्र निघू लागली, ती हैबतबाबांच्या पुढाकाराने. बेळगाव भागातील अंकलीच्या शितोळे सरदारांनी अश्व, तंबू व नैवेद्याची व्यवस्था पुरविली. दिंड्यांचे क्रम, रथापुढच्या व रथामागच्या दिंड्या, चोपदार, कर्ण्याचा इशारा, तळ पडणे व तळ हलणे या साऱ्यांत फौजेच्या कूचाची शिस्त स्पष्ट दिसते. संध्याकाळच्या समाज आरतीच्या वेळी चोपदाराने दंड उंचावला की हजारोंचा समुदाय क्षणात शांत होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवीतच राहते आणि तक्रार ऐकून घेतल्यावरच थांबते. गाऱ्हाणे मांडण्याची इतकी सुंदर पद्धत आमच्या कोणत्याही कार्यालयात नाही, हे ओघात नमूद करण्यास हरकत नसावी.

अंकलीचे अश्व आजही दरवर्षी मिरज-सांगली परिसरातून पायी आळंदीस जातात. म्हणजे आळंदीचा सोहळा सुरू होण्यापूर्वीच त्याचा एक भाग दक्षिणेकडून चालत निघालेला असतो. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर अंकली कर्नाटकात गेली, १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचे दोन भाग झाले, १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याचे नाव सांगली झाले. अश्वांच्या वाटेवर या घडामोडींचा काहीही परिणाम झाला नाही. वारीचा भूगोल व प्रशासनाचा भूगोल हे दोन भिन्न भूगोल आहेत, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच मिळेल.

लिहिणारे वारकरी :

वारी चालणारे लक्षावधी, लिहिणारे मोजके. त्यांत इरावती कर्वे व दि. बा. मोकाशी ही दोन नावे प्रथम घ्यावी लागतात.

कर्वे यांचा 'वाटचाल' हा निबंध 'परिपूर्ती' या १९४९ च्या संग्रहात आहे. ज्या प्रदेशातील लोक पंढरीस जातात तो महाराष्ट्र, ही त्यांची व्याख्या पुढे पुष्कळांनी उचलली. पण त्याच निबंधातील दुसरे निरीक्षण तितके उचलले गेले नाही. एकाच दिंडीत दिवसभर एकत्र भजन करीत चालणारे ब्राह्मण व मराठा वारकरी जेवणाच्या वेळी वेगळे होत, स्वयंपाक व पंगत स्वतंत्र असे, आणि याचा सल त्यांना वाटभर जाणवत राहिला. येथे कालक्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे यासाठी साने गुरुजींनी उपोषण केले ते मे १९४७ मध्ये. त्यानंतर दोनच वर्षांनी प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकात वाटेवरची पंगत विभागलेली दिसते. मंदिराचे दार उपोषणाने व कायद्याने उघडले. पंगतीला दार नसते, त्यामुळे ते उघडताही येत नाही.

कर्वे यांच्या या निबंधाचे इंग्रजी भाषांतर १९६२ मध्ये प्रसिद्ध झाले. १९७० च्या दशकात व्हिक्टर टर्नर यांनी तीर्थयात्रेचा सिद्धांत मांडताना त्याचा आधार घेतला. यात्रेकरूंमध्ये नित्याची उतरंड काही काळ विरघळते व बंधुभावाची एक अवस्था निर्माण होते, असे टर्नर यांचे प्रतिपादन. कर्वे यांनी मात्र बंधुभाव व भेद हे दोन्ही एकाच दिवसात, काही तासांच्या अंतराने पाहिले होते. प्रस्तुत लेखिकेच्या मते सिद्धांतापेक्षा निबंध अधिक खरा आहे.

मोकाशी यांची दृष्टी वेगळी. १९६१ च्या आषाढी वारीत ते चालले आणि 'पालखी' हे पुस्तक १९६४ मध्ये आले. पुण्यात रेडिओ दुरुस्तीचा व्यवसाय करणारा हा कथाकार श्रद्धेच्या काठावर उभा राहून पाहतो. तो कुणाला वारीस का आलात असे विचारतो, पाय दुखतात ते सांगतो, स्वतःचा संशय लपवीत नाही. इतिहासाचे साधन म्हणून या प्रामाणिकपणाचे मोल मोठे आहे. तरीही दोघेही पुण्याचे, दोघेही सुशिक्षित आणि दोघांनीही आळंदीचीच वाट धरलेली. ज्या वारकऱ्याच्या घरी वारी पिढीजात आहे, त्याला ती लिहून ठेवण्याची गरज भासत नाही. त्यामुळे वारीचे लिखित चित्र हे पाहुण्याने रेखाटलेले घराचे चित्र आहे. ते खोटे नसले तरी स्वयंपाकघरापर्यंत पोहोचतेच असे नाही.

लोहमार्ग आणि परतीची वाट :

बार्शी लाइट रेल्वेचा अरुंद लोहमार्ग १९०६ मध्ये पंढरपूरपर्यंत आला व १९२७ मध्ये मिरजेस जोडला गेला. सांगली-मिरजेच्या माणसाला पंढरी एका दिवसाच्या टप्प्यात आली. पायी वारी यामुळे संपेल असे कुणास वाटले असल्यास ते चुकले. झाले ते वेगळेच : जाण्याची वाट पायी राहिली, येण्याची वाट गाडीने पळविली. रेल्वेपूर्वीचा वारकरी जसा चालत जाई तसाच चालत येई, तोही आषाढाच्या पावसात, पेरणी झालेले शेत मागे ठेवून. आज पालखीबरोबर परत आळंदीपर्यंत चालणारे तुलनेने फारच थोडे असतात. अनुभवलेखनही पंढरपूरला संपते. दर्शनानंतर माणूस पुन्हा घरचा, जातीचा, कर्जाचा कसा होतो, हे कळण्याची जागा परतीची वाट हीच होती आणि तीच वाङ्मयातून गळाली आहे.

एका दिंडीसोबत :

कापड गिरणीमुळे वाढलेल्या माधवनगर परिसरातील एका लहान दिंडीसोबत कुपवाड, कवठे महांकाळ, नागज, सांगोला या मार्गाने चालण्याची संधी प्रस्तुत लेखिकेस मिळाली. नागजच्या पुढे झाडे विरळ होतात, विहिरी खोल जातात आणि वारकऱ्यांच्या बोलण्यात पाऊस हा एकच विषय उरतो. आघाडीस पताका, मधे वीणेकरी, टाळकरी, मागे डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या बाया, सर्वांत शेवटी राहुट्या व धान्य वाहणारा टेम्पो. पहाटे काकडा, वाटेत अभंग, सायंकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन.

लिहिता येते म्हणून भिशीची वही लेखिकेकडे आली. भिशी म्हणजे दिंडीच्या जेवणखर्चासाठी प्रत्येकाने भरावयाची रक्कम. वहीत नाव, गाव, भरलेले पैसे व येणे बाकी एवढेच असते. जुन्या वह्या मागितल्या तेव्हा दिंडीप्रमुखांनी सांगितले, "माउली, हिशेब मिटला की वही चुलीत. ठिवायची कशाला?" इतिहासाच्या विद्यार्थ्याला याहून अधिक वेदना देणारे वाक्य नाही. पण त्यांचेही बरोबर होते. वारीत बाकी ठेवायची नसते.

पंगत एकच होती. हे नोंदविणे आवश्यक आहे, कारण १९४९ पासून काहीच बदलले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. सर्वजण एका रांगेत बसत, ज्याच्या हाती परात येई तो वाढत असे. मात्र एका मुक्कामी, गावातील घरांत बायांची झोपण्याची सोय झाली तेव्हा, दिंडीतील दोन बहिणी कुणी काही म्हणण्यापूर्वीच आपली वळकटी उचलून समाजमंदिराकडे गेल्या. "आमची तिथं वळख हाय," एवढेच म्हणाल्या. आदल्या मुक्कामी याच गावात आपले कुणी नाही असे त्यांनी लेखिकेस सांगितले होते. त्यांच्या मागे जावे की न जावे याचा निर्णय होईपर्यंत कीर्तनाचा मृदंग सुरू झाला होता. लेखिका गेली नाही. कर्वे यांच्या निबंधातील अस्वस्थतेचा अर्थ त्या रात्री पुस्तकाबाहेर कळला.

२०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे पायी वारी झाली नाही. आळंदी व देहूच्या पादुका मोजक्या लोकांसह एसटीने पंढरपुरास नेण्यात आल्या, २०२१ मध्येही तसेच झाले. त्या दोन वर्षांविषयी दिंडीत विचारले असता बहुतेकांनी घराभोवती, शेताच्या बांधावरून फेऱ्या मारल्याचे सांगितले. एका वृद्ध बाईंनी मात्र वेगळे सांगितले : त्या वर्षी चालणे नव्हते, म्हणून घरी सुनेशी रोज भांडण झाले.

दशमीस पंढरपूर आले. चंद्रभागेचे स्नान व कळसाचे दर्शन झाल्यावर दिंडी दुसऱ्या दिवशी दुपारी पांगली. त्या दोन बहिणी मिरजेच्या गाडीत समोरच्याच बाकावर होत्या. त्यांनी पिशवीतून चुरमुऱ्यांचा प्रसाद काढून लेखिकेच्या हातावर ठेवला आणि भिशीतले आपले शंभर रुपये यायचे राहिले आहेत, ते वहीत बघून सांगावे, असे सांगितले.