धाकट्याने घर सावरलं त्याची गोष्ट

परवा टीममध्ये नव्याने आलेला एक मुलगा वैतागून माझ्या डेस्कपाशी आला. म्हणाला, "सर, ही एक टेस्ट माझ्या लॅपटॉपवर ४० सेकंदांत संपते आणि आपल्या एवढ्या महागड्या सर्व्हरवर तिला मिनिटभर लागतं. हे काय लॉजिक आहे?"

प्रश्न रास्त आहे. लॅपटॉप म्हणजे धाकटा भाऊ आणि सर्व्हर म्हणजे थोरला, असं आपण धरूनच चालतो. थोरला जास्त खातो, म्हणून त्याने जास्त पळायला हवं! पण या घराण्याचा इतिहास पाहिला तर एकदा थोरल्याचं सगळं बिनसलं होतं आणि धाकट्याने घर सावरलं होतं.

गोष्ट सुरू होते नोव्हेंबर २००० मध्ये. इंटेलने पेंटियम फोर बाजारात आणला. त्याच्या डिझाइनचं नाव नेटबर्स्ट, आणि ध्येय एकच: गिगाहर्ट्झ. तेव्हा दुकानात जाऊन आपण तेवढंच विचारायचो ना! मी तर हॉस्टेलवर एकाच्या १.६ गिगाहर्ट्झच्या लॅपटॉपला मनसोक्त हसलो होतो. तो भाग पुढे येईलच.

गिगाहर्ट्झ वाढवायची नेटबर्स्टची युक्ती अशी: एका सूचनेचं काम बारीक बारीक टप्प्यांत तोडायचं. पेंटियम थ्रीमध्ये साधारण १० टप्पे होते, पेंटियम फोरमध्ये २० झाले. प्रत्येक टप्प्यात काम थोडं, म्हणून घड्याळ भराभर पळवता येतं. पण यात एक गोम आहे. प्रोसेसर पुढचं काम अंदाजाने आधीच सुरू करतो. वडापावची गाडी डोळ्यांसमोर आणा. रोजचं गिऱ्हाईक लांबून दिसलं की गाडीवाला न विचारता पाव चिरतो, चटणी लावतो. आणि गिऱ्हाईक म्हणालं, "आज भजी द्या," की सगळं बाजूला टाकायचं. टप्पे जितके जास्त, तितकं वाया जाणारं कामही जास्त.

दुसरी गोम उष्णतेची. चिप खात असलेली वीज वारंवारितेच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या तर वर्गाच्या प्रमाणात. घड्याळ पळवायचं तर व्होल्टेजही वाढवावं लागतं, म्हणजे वेग थोडा वाढतो आणि ताप भरपूर. फेब्रुवारी २००४ मध्ये ९० नॅनोमीटरचा प्रेस्कॉट आला. टप्पे ३१, आणि वरच्या मॉडेलांची उष्णता १०० वॅटच्या पुढे. इतक्या बारीक ट्रान्झिस्टरमधून वीज नुसती गळायलाही लागली होती. हेच डिझाइन सर्व्हरच्या झिऑनमध्येही होतं. तिथे पंखे आहेत, एसी आहे, कोण विचारतो!

लॅपटॉपमध्ये मात्र विचारावंच लागतं. बॅटरी मोजकी, जागा बोटभर आणि यंत्र माणसाच्या मांडीवर. हे काम इंटेलच्या इस्रायलमधल्या हायफा इथल्या टीमकडे होतं. ही टीम काही नवखी नव्हती, १९७४ पासूनचं केंद्र ते. पण २००० साली त्यांचा टिमना नावाचा स्वस्त प्रोसेसर बाजारात यायच्या आधीच रद्द झाला होता. आपला एखादा प्रोजेक्ट शेवटच्या महिन्यात गुंडाळला गेला असेल तर काय वाटतं, ते वेगळं सांगायला नको.

पुढचं काम होतं बॅनियास. मुली ईडन यांच्या नेतृत्वाखालच्या या टीमने गिगाहर्ट्झची शर्यत सोडूनच दिली. पाया घेतला जुन्या पेंटियम थ्रीच्या घराण्याचा, आणि प्रत्येक ठिकाणी विचारलं, "इथे वीज कशाला जाते?" अंदाज अधिक अचूक केले, म्हणजे चिरलेला पाव कमी फुकट जाईल. दोन छोट्या सूचना जमेल तिथे जोडीने पाठवल्या. कॅशे १ एमबीची, पण तिचा लागेल तेवढाच भाग जागा. खोलीतून बाहेर पडताना पंखा बंद करा म्हणून आई ओरडते, तसंच.

मार्च २००३ मध्ये ही चिप पेंटियम एम या नावाने आली. १.६ गिगाहर्ट्झ, २४.५ वॅट. आणि कामात ती २ गिगाहर्ट्झच्या वरच्या पेंटियम फोरला सहज टक्कर द्यायची. हो, हॉस्टेलवरच्या त्या लॅपटॉपमध्ये हीच होती. हसं माझंच झालं.

पण गिगाहर्ट्झवर जाहिराती करणाऱ्या कंपनीने आता हे विकायचं कसं? इंटेलने वाय-फाय आणि चिपसेट जोडून सेंट्रिनो नावाचं बोचकं केलं आणि बॅटरीच्या गोष्टी सांगितल्या. मे २००४ मध्ये नेटबर्स्टचे पुढचे वारस, डेस्कटॉपचा तेजस आणि सर्व्हरचा जेहॉक, दोन्ही रद्द झाले. ऑक्टोबरात ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम फोरही रद्द झाला. सीईओ क्रेग बॅरेट यांनी एका परिषदेत स्टेजवर चक्क गुडघे टेकून, गमतीत का होईना, माफी मागितली.

मग २००६ उजाडलं. मे महिन्यात नेटबर्स्टचा झिऑन, डेम्प्सी, आला: ३.७३ गिगाहर्ट्झ, १३० वॅट. महिन्याभरात, जूनमध्ये, वूडक्रेस्ट आला: ३ गिगाहर्ट्झ, ८० वॅट, आणि तरी जास्त वेगवान! या वूडक्रेस्टच्या पोटात होतं काय, तर पेंटियम एमच्या वाटेने हायफात घडलेलं कोअर. जुलैत आलेल्या लॅपटॉपच्या मेरोममध्येही तेच. दोन्ही ६५ नॅनोमीटरचे, दोन-दोन कोअर, ४ एमबी कॅशे. मेरोम २.१६ गिगाहर्ट्झला ३४ वॅटवर भागवायचा. थोरल्याला मिळालं ते वरचं घड्याळ, दुप्पट वेगवान बस, चुका दुरुस्त करणारी मेमरी आणि एका बोर्डावर दोघांनी बसायची सोय. जीव तोच, संसार वेगळा.

आता आमच्या मुलाच्या प्रश्नाकडे. एएमडीचा ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेला एपिक ९९६५ घ्या. ५०० वॅट, ऐकूनच धडकी भरते. पण कोअर आहेत १९२. भागाकार करा: एका कोअरच्या वाट्याला जेमतेम २.६ वॅट. २००६ च्या मेरोमला एका कोअरमागे १७ वॅट होते! म्हणजे सगळे कोअर कामाला लागले की सर्व्हरमधला प्रत्येक कोअर लॅपटॉपमधल्यापेक्षाही अर्धपोटी असतो. आणि याच झेन ५सी जातीचे कोअर त्याच वर्षी जुलैत एएमडीच्या लॅपटॉप चिप्समध्येही आले होते.

त्याला म्हटलं, "अरे, तुझी टेस्ट एकाच कोअरवर चालते. लॅपटॉप त्या एकट्याला पोटभर जेवायला घालतो. सर्व्हर म्हणजे पंगत आहे. तिथे एक जण किती भरभर जेवतो हे बघत नाहीत, किती पानं उठली ते मोजतात. टेस्टचे शंभर तुकडे कर आणि मग ये."

तो गेला. मी मात्र हायफाच्या त्या टीमचाच विचार करत बसलो. सगळी कंपनी एका आकड्यामागे धावत असताना त्यांनी दुसरा आकडा धरून ठेवला, आणि तोही आदला प्रोजेक्ट रद्द झालेला असताना. सध्या अप्रेझलचे दिवस आहेत. माझ्या टीमच्या शीटमध्ये महिन्याला किती टिकिटं बंद केली असा एक रकाना आहे, आणि तो मीच घातलाय. सोमवारी तो काढावा म्हणतो.