मेणबत्ती विझविणारा यंत्रमानव

आज ज्या यंत्राची हकीकत सांगावयाची आहे ते प्रत्यक्ष पाहिले तर प्रथम हसूच येईल. लांबी-रुंदीला जेमतेम फूटभर, खाली दोन चाके, वर तारांचे जंजाळ आणि पुढच्या अंगाला एक लहानसा पंखा. आठ फूट चौरस लाकडी फळीवर फूटभर उंचीच्या भिंती उभारून चार खोल्यांचे एक खोटे घर केलेले असते. त्यांपैकी एका खोलीत एक मेणबत्ती पेटवून ठेवतात. यंत्राला दाराशी सोडले की माणसाने त्याला हात लावावयाचा नाही, दुरून कळ फिरवावयाची नाही की तोंडाने सूचना द्यावयाची नाही. त्याने आपले आपण खोल्या धुंडाळाव्यात, ज्योत शोधावी आणि विझवावी. घड्याळ लावून वेळ मोजली जाते आणि जो लवकर विझवील तो पुढे.

ही स्पर्धा अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात, हार्टफर्ड या शहरी १९९४ साली सुरू झाली. जेक मेंडेलसन हे तिचे जनक, आणि तेथील ट्रिनिटी कॉलेजच्या नावाने ती जगभर माहीत झाली. शाळकरी मुलांपासून अभियंत्यांपर्यंत सगळे तीत उतरत. चीन आणि इस्राएलमधूनही संघ येत. इंडोनेशियात तर तिच्या धर्तीवर राष्ट्रीय स्पर्धाच निघाली. एक मेणबत्ती! ती तर दोन वर्षांचे मूलही वाढदिवसाला फुंकून टाकते. मग शहाणीसुरती माणसे या उद्योगात महिनेच्या महिने का घालवितात? उत्तर शोधण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

आग विझविणे या एका शब्दात दोन कामे दडलेली आहेत. आग कोठे आहे हे शोधणे हे पहिले आणि तिच्यावर पाणी घालणे हे दुसरे. आपले लक्ष नेहमी दुसऱ्याकडे जाते, कारण ते डोळ्यांना दिसते. लाल बंब, घणघणणारी घंटा, उंच शिडी हे सारे दुसऱ्या कामाचे वैभव. परंतु पहिले काम चुकले म्हणजे दुसऱ्याचा काय उपयोग होतो, हे मुंबईने जेवढे भोगले आहे तेवढे फार थोड्या शहरांनी भोगले असेल.

१४ एप्रिल १९४४. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' नावाची बोट उभी होती. युद्धाचे दिवस. बोटीत सुमारे चौदाशे टन स्फोटक दारूगोळा होता आणि कराचीला चढविलेल्या कापसाच्या हजारो गासड्या होत्या. दुपारी दोनच्या सुमारास दुसऱ्या क्रमांकाच्या कोठारातून धूर दिसला. बंबवाले आले, पाण्याचे झोत सुरू झाले. नऊशे टनांहून अधिक पाणी त्या कोठारात ओतले गेले. परंतु आगीचे मूळ कोठे आहे हे कोणालाच कळेना, कारण धुराने काही दिसतच नव्हते. कापसाची गासडी ही मोठी कपटी वस्तू आहे. ती बाहेरून भिजते आणि आतून धुमसत राहते. खाली ओतलेले पाणी उकळू लागले. बोटीच्या एका बाजूचा रंग फोड येऊन सुटू लागला, तेव्हा कोठे आगीच्या जागेचा सुगावा लागला. तेथे पत्रा कापून वाट करावी म्हणून यंत्र आणले, पण ते चालेना. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. सोन्याच्या विटा शहरावर कशा उडून पडल्या ही गोष्ट मुंबईकर आवडीने सांगतात. त्या दिवशी अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले, ही गोष्ट त्या मानाने कमी सांगितली जाते. १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात, तो त्यांच्यासाठी.

त्या ६६ जणांजवळ धैर्य नव्हते काय? पाणी नव्हते काय? दोन्ही होते. त्यांना हवा होता तो धुरातून पाहणारा डोळा.

आता या डोळ्याचा इतिहास पाहू. माणूस जवळ नसतानाही आपोआप आग विझावी ही कल्पना काही नवी नाही. लंडनचा रसायनज्ञ अँब्रोझ गॉडफ्रे याने १७२३ साली एक पिंप बनविले. आत आग विझविणारे द्रव आणि त्याच्या पोटात बंदुकीची दारू. आगीची झळ वातीला लागली की दारू उडावयाची आणि द्रव चोहीकडे फेकले जावयाचे. आगीवर दारूचा उतारा! युक्ती चमत्कारिक खरी, पण तिच्यातले एक तत्त्व पुढे टिकले: आगीनेच आपल्या मरणाची कळ दाबावी.

हे तत्त्व पक्क्या पायावर उभे केले ते हेन्री पार्मली याने, आणि तेही त्याच कनेक्टिकट राज्यात. न्यू हेवन गावी त्याचा पियानोचा कारखाना होता. वाळलेले लाकूड, व्हार्निश, भुसा अशा ठिकाणी आग लागली तर काय उरणार? १८७४ साली त्याने छताला पाण्याचे नळ फिरवून त्यांना तोट्या बसविल्या आणि प्रत्येक तोटीचे तोंड थोड्याशा उष्णतेने वितळणाऱ्या धातूने बंद केले. खाली आग लागली की धातू वितळतो आणि पाणी कोसळते. फ्रेडरिक ग्रिनेल याने १८८१ च्या सुमारास ती तोटी सुधारली. आज आपण नाट्यगृहात किंवा मोठ्या दुकानात मान वर करून पाहिले, तर छताला तांबड्या द्रवाची काचेची बारीक नळी दिसेल. ६८ अंश सेल्सिअसला ती फुटते. सिनेमात दाखवितात तशा सगळ्या तोट्या एकदम सुरू होत नाहीत; जिच्याखाली आग तीच फुटते. विमा कंपन्यांना ही तोटी पुढे फार प्रिय झाली, हे सांगावयास नकोच. हार्टफर्ड हे तर विम्याचेच गाव; तेथील आगीच्या विम्याची कंपनी १८१० पासूनची.

या तोटीने असंख्य कारखाने वाचविले. तथापि तिला पाय नाहीत आणि डोळाही नाही. उष्णता छताला जाऊन भिडेपर्यंत तिला काहीच कळत नाही. आणि आग कधी कधी तेवढी सवड देत नाही. मुंबईच्या स्फोटानंतर तीन महिन्यांच्या आत, ६ जुलै १९४४ रोजी, खुद्द हार्टफर्डमध्ये सर्कशीचा तंबू पेटला. पावसापासून बचाव व्हावा म्हणून त्या कापडाला मेण आणि पेट्रोल यांचे मिश्रण चोपडले होते. आत सात हजारांच्या आसपास माणसे होती. पाहता पाहता तंबू जळून खाली आला आणि सुमारे १६७ जीव गेले. त्यांत मुले पुष्कळ होती. बरोबर पन्नास वर्षांनी त्याच गावात एका मेणबत्तीसमोर घड्याळ लावून ठेवले गेले. या दोन गोष्टींचा संबंध स्पर्धा काढणाऱ्यांच्या मनात होता असे मी म्हणत नाही. पण आगीच्या कामात मिनिटाचे मोल काय असते हे त्या गावाला कोणी शिकवावयास नको होते.

पाय आणि डोळा एकत्र आले ते इंग्लंडात. ब्रिस्टलच्या एका संशोधन संस्थेत मेंदूचा अभ्यास करणारे ग्रे वॉल्टर यांनी १९४८-४९ मध्ये 'एल्मर' आणि 'एल्सी' नावाची दोन यांत्रिक कासवे बनविली. प्रत्येकात रेडिओतल्यासारख्या दोनच नळ्या आणि एक प्रकाश ओळखणारा घटक. एवढ्या सामग्रीवर ती दिव्याचा शोध घेत खोलीभर फिरत, अडथळ्याला आपटली तर वळसा घालत आणि प्रकाश फार प्रखर झाला तर मागे सरत. त्यांच्या पाठीवर मेणबत्त्या लावून काळोखात त्यांच्या वाटांची छायाचित्रे घेतली आहेत; ती पाहिली की कोणा जिवंत प्राण्याचा माग पाहतो आहोत असे वाटते. ज्योत शोधणाऱ्या आपल्या यंत्राचा हा खरा पूर्वज.

'रोबोट' हा शब्द त्याआधीचा. चेक लेखक कारेल चापेक यांच्या १९२० सालच्या नाटकातून तो जगात पसरला, आणि तो त्यांना सुचविला त्यांचे बंधू योसेफ यांनी. मूळ चेक शब्द 'रोबोटा', म्हणजे कुळांनी जमीनदाराकडे करावयाची सक्तीची मजुरी, आपल्याकडची वेठ. यंत्रमानव हा आपला शब्द जरा भारदस्त आहे, पण वेठबिगार हाच अर्थ मुळाला धरून आहे. आणि जळत्या घरात शिरणे यासारखी दुसरी वेठ कोणती?

आता त्या फूटभर यंत्राची खटपट पाहा. घराचा नकाशा त्याला आधी ठाऊक असतो, मेणबत्ती कोठल्या खोलीत आहे तेवढे ठाऊक नसते. आंधळा माणूस भिंतीला हात लावून चालतो तसे ते चालते. हाताऐवजी वटवाघळासारखा न ऐकू येणारा आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून भिंत किती दूर आहे ते ओळखते. प्रत्येक खोलीच्या उंबऱ्यावर पांढरा पट्टा असतो. तो ओलांडला की आपण आत आलो हे त्याला कळते. येथपर्यंत ठीक. खरी अडचण पुढे आहे: ज्योत ओळखावयाची कशी?

प्रकाश पाहावा, तर खिडकीतला कवडसाही प्रकाशच. उष्णता पाहावी, तर विजेचा दिवाही तापतोच, आणि सूर्याएवढा तापलेला कोण आहे? कित्येक यंत्रे मेणबत्ती सोडून उन्हाच्या तिरिपेवर पंखा धरून उभी राहतात. यावर निसर्गानेच एक वाट ठेवली आहे. ज्योतीतून अतिनील किरणांचा एक अगदी अंशमात्र भाग बाहेर पडतो. त्याच जातीचे सूर्याचे किरण वरच्या वातावरणातील ओझोन वायू अडवितो, ते जमिनीवर पोचतच नाहीत. तेव्हा केवळ तेवढेच किरण ओळखणारा डोळा बनविला, तर तो भर दुपारी सूर्याला आंधळा आणि ज्योतीला डोळस! जपानात अशी बोटाएवढी नळी बनते. आत वायू भरलेला असतो आणि दोन धातूंच्या पट्ट्यांमध्ये काहीशे व्होल्टचा दाब. किरण धातूवर पडला की विजेची एक ठिणगी पुढे सरते. सिगारेट पेटविण्याच्या लायटरची ज्योत ती पाच मीटरांवरून हेरते. मात्र तिला दिशा कळत नाही. "या खोलीत ज्योत आहे" एवढेच ती सांगते. म्हणून तिला बारीक फटीचा बुरखा घालतात आणि यंत्र जागच्या जागी गिरकी घेते. ठिणग्या जेथे सर्वांत दाट, तिकडे तोंड.

राहिला पंखा. फुंकरीने मेणबत्ती विझते, पण फुंकरीनेच चूल पेटते हे आपल्या घरातील बायकांना ठाऊक आहे. स्पर्धेच्या नियमकर्त्यांनाही ते ठाऊक होते. म्हणून वाऱ्याखेरीज पाण्याने किंवा वायूने विझविणाऱ्यास गुणांची सवलत ठेवली. सवलत अशीच खोलीत सामान मांडून किंवा ओबडधोबड जमिनीवर चालवून दाखविणाऱ्यासही.

ही सगळी मेहनत शोधण्याच्या कामावर आहे, विझविण्यावर नाही, हे आपल्या लक्षात आले असेल. ती किती योग्य जागी आहे याचे प्रत्यंतर १५ एप्रिल २०१९ रोजी पॅरिसला आले. नोत्र दाम या आठशे वर्षांहून जुन्या चर्चमध्ये आगीची सूचना देणारी यंत्रणा सायंकाळी सहा-वीसच्या सुमारास वाजली. पहारेकरी पाहावयास गेला तो शेजारच्या लहान इमारतीच्या माळ्यावर! तेथे काहीच नव्हते. खरी जागा कळेपर्यंत सुमारे अर्धा तास गेला आणि ओक वृक्षांच्या तुळयांचे ते प्रचंड छप्पर पेटून उठले होते. पुढे मनोरा कोसळला, आत माणसे ठेवणे धोक्याचे झाले, तेव्हा 'कोलोसस' नावाचा पाचशे किलोंचा यंत्रमानव पाण्याचा झोत घेऊन आत गेला. त्याने काम चोख केले. पण कोठे जावयाचे हे त्याला दुरून माणूस सांगत होता.

त्याच वर्षीच्या जुलैत वांद्र्याला टेलिफोनच्या उंच इमारतीस आग लागली, गच्चीवर कितीतरी माणसे अडकली, आणि मुंबईच्या अग्निशमन दलाने नुकताच आलेला आपला यंत्रमानव प्रथमच बाहेर काढला. तोही दुरून चालवावयाचा. शिड्यांवरून माणसे उतरविली ती जवानांनीच, आणि यंत्राने तोंड कोणीकडे वळवावे हे ठरविणारा माणूस कळ हातात घेऊन धुराच्या अलीकडे उभा होता.