निक्षेपाची परीक्षा

पूर्वी कुलाबा आणि १९८१ पासून रायगड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यातील पेण आणि रोहे हे दोन तालुके भात, मीठ आणि मुंबई या तिहींच्या आधाराने पिढ्यान्‌पिढ्या जगत आले आहेत. भोगावतीच्या खाडीवरील अंतोरे बंदरातून आणि कुंडलिकेच्या काठच्या रोहे-अष्टमीच्या पेठेतून मुंबईकडे माल जाई आणि रोकड घरी येई. पुढे गलबतांचे दिवस सरले, एस.टी. आणि आगगाडी आली, आणि मालापेक्षा माणसेच अधिक जाऊ लागली. कर्ता पुरुष गिरणीत, गोदीत किंवा कचेरीत, आणि घरी म्हातारी माणसे, ही या भागातील कुटुंबाची घडण झाली. आणि पोस्टमनने ओटीवर मोजून दिलेल्या मनीऑर्डरीतून, भाताच्या दोन खंडींतून किंवा पेणच्या गणेशमूर्तींच्या हंगामातून जे चार पैसे शिल्लक पडत, ते कोणाच्या हवाली करावे हा प्रश्न त्या म्हाताऱ्या माणसांपुढे उभा राहिला. या प्रश्नाला निरनिराळ्या काळांनी दिलेली उत्तरे पाहू लागलो की असे दिसते की ज्याच्याकडे ठेवायचे त्याची कीर्ती पाहून समाज जेथे थांबला, तेथे त्याची परीक्षा घेण्याचे काम कोणाचेच उरले नाही.

प्राचीन धर्मशास्त्रकारांना या धोक्याची जाणीव नव्हती असे म्हणता येत नाही. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात व्यवहाराची जी अठरा पदे सांगितली आहेत, त्यांत ऋणादानाच्या पाठोपाठ निक्षेपाचेच, म्हणजे ठेवीचेच, स्थान आहे. द्रव्य ठेवावे ते कुलीन, सदाचारी, धर्मज्ञ, सत्यवादी, मोठ्या गोताच्या आणि सधन माणसाकडे, असा उपदेश तेथे आहे. परंतु शास्त्रकार तेवढ्यावर थांबत नाही. ठेव घेणारा नाकबूल झाला आणि साक्षीदार नसले, तर न्यायाधीशाने वयाने व रूपाने शोभतील अशा आपल्या विश्वासू हेरांकरवी त्याच्याकडे सोने ठेवावयास लावावे, काही काळाने ते परत मागवावे, आणि त्याने ते जसेच्या तसे दिले तरच त्याला निर्दोष मानावे, अशी त्या शास्त्राची योजना आहे. त्याच अध्यायात, अनाथ बालकाचे धन तो जाणता होईपर्यंत राजाने रक्षावे, तसेच निपुत्रिक, विधवा आणि रोगग्रस्त स्त्रियांचे धनही रक्षावे, आणि त्या हयात असताना जे आप्त ते लुबाडतील त्यांना चोराची शिक्षा द्यावी, असेही सांगितले आहे. हे द्रव्य हरण करणारा बहुधा परका नसतो, घरचा असतो, एवढे त्या काळीही कळून चुकले होते.

इंग्रजी अंमलात ठेवीचे ठिकाण म्हणजे सावकाराची पेढी किंवा खोताचा वाडा. ज्याच्याकडून बियाण्याला कर्ज घ्यायचे, त्याच्याचकडे लेकीच्या लग्नासाठी जमवलेला दागिनाही ठेवायचा. आणि देणे किती व येणे किती हे ज्या वहीवरून ठरायचे ती वहीही त्याचीच. वाचता न येणाऱ्या माणसाला त्या वहीपुढे अंगठा उठवण्यापलीकडे काही करता येत नसे. १८७५ साली पुणे व नगर जिल्ह्यांत कुणब्यांनी सावकारांची दप्तरे जाळली, आणि त्यानंतर चार वर्षांनी झालेल्या दख्खन शेतकरी कायद्याने सावकारावर पावती देण्याचे, वर्षाचा हिशेब देण्याचे आणि मागितल्यास खातेपुस्तक लिहून देण्याचे बंधन घातले. दंगा घाटावर झाला खरा, परंतु त्यातून निघालेले तत्त्व मुलुखभर लागू पडणारे होते: हिशेबाची एक प्रत ज्याचे द्रव्य त्याच्या हाती असली पाहिजे. कुलाब्यातला असंतोष निराळ्या वाटेने वर आला. १९३३ साली चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली खोतांची जमीन कसण्याचे नाकारले आणि तो संप कित्येक वर्षे चालला.

१८८२ साली पोस्टात बचत खाते निघाले आणि १९०४ च्या कायद्याने सहकारी पतपेढ्यांचा पाया घातला, तेव्हा सावकाराला पर्याय मिळाला. सहकाराचे मर्म असे की सभासद एकमेकांना ओळखतात, म्हणून एकमेकांवर नजर ठेवतात. या विचाराला पोषक अशी भूमी या दोन तालुक्यांहून क्वचितच दुसरी सापडावी. संपत्तीचा धारक हा तिचा मालक नसून विश्वस्त आहे हा गांधीजींचा विचार खेडोपाडी पायी फिरून सांगणारे विनोबा भावे पेण तालुक्यातल्या गागोद्याचे. आणि ११ ऑगस्ट १९४३ रोजी रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झालेले चिंतामणराव देशमुख यांचे बालपण बव्हंशी रोह्यात गेले. एकाने विश्वस्ताची नीती सांगितली, दुसऱ्याने विश्वस्तांवर देखरेख करणाऱ्या संस्थेची धुरा वाहिली. १९६० साली पालाई सेंट्रल बँक बुडाल्यानंतर १ जानेवारी १९६२ पासून ठेवींना विम्याचे संरक्षण आले, प्रारंभी अवघ्या दीड हजार रुपयांपर्यंतचे. आणि १ मार्च १९६६ पासून सहकारी बँकाही रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत आल्या. परंतु संस्थेचा कारभार, निवडणुका आणि अवसायन सहकार निबंधकाकडे, व बँकेचा व्यवहार रिझर्व्ह बँकेकडे, अशी दोन धन्यांची चाकरी त्या दिवसापासून सुरू झाली, आणि दोन धन्यांच्या घरी दार कोणी लावायचे हे बहुधा ठरलेले नसते.

ते दार उघडे राहिले याचा प्रत्यय पेणला सप्टेंबर २०१० मध्ये आला. गणेशोत्सवाचा सुमार होता, मूर्तींच्या हंगामाचा पैसा गावात खेळत होता, आणि अशा वेळी रिझर्व्ह बँकेच्या निर्बंधांनी पेण को-ऑपरेटिव्ह अर्बन बँकेचा व्यवहार ठप्प झाला. ठेवीदार सुमारे दोन लाख. आणि गैरव्यवहाराचा आकडा तपासात सहाशे कोटींच्या आसपास सांगितला गेला. शंभराहून अधिक कर्जखाती बनावट असून त्यांतून निघालेला पैसा जमिनींच्या खरेदीत गुंतवला गेला, हा तपासयंत्रणांच्या आरोपाचा गाभा होता. फौजदारी खटले, जप्त्या आणि उच्च न्यायालयातील दाव्यांची मालिका त्यानंतर दशकाहून अधिक काळ चालत राहिली.

या घटनेत वृद्धांचे वित्त सर्वाधिक सापडावे हे आकस्मिक नव्हते. सेवानिवृत्त शिक्षकाचा भविष्यनिर्वाह निधी, गिरणीतून मिळालेली ग्रॅच्युइटी, नवऱ्याच्या पश्चात विधवेच्या हाती आलेली रक्कम, ही सारी मुदत ठेवीत जायची, कारण व्याजावरच महिना काढायचा असे आणि ज्येष्ठ नागरिकांना दर अर्ध्या टक्क्याने चढा असे. गावच्या बँकेचे आकर्षण त्याहूनही निराळे होते. पिग्मीवाला रोज दारात येई. तोच मुदत संपलेली पावती घेऊन जाई आणि 'काकू, तुम्ही कशाला येताय, मी नूतनीकरण करून आणतो,' असे म्हणून दुसऱ्या दिवशी नवी पावती हाती देई. ती पावती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून लोखंडी कपाटातल्या साड्यांच्या घडीखाली जाई, आणि खातेपुस्तकातल्या आकड्यांपेक्षा आणून देणाऱ्याचा चेहराच अधिक वाचला जाई. १८७९ च्या कायद्याने मागितलेली हिशेबाची प्रत म्हातारीच्या हाती होती; परंतु त्या हिशेबामागची रक्कम जागेवर आहे की नाही हे पावती सांगू शकत नव्हती.

ठेव विम्याची मर्यादा त्या वेळी एक लाख रुपये होती. परंतु बँक अवसायनात निघाली किंवा तिचा परवाना रद्द झाला तरच ती रक्कम मिळणार, नुसत्या निर्बंधांच्या काळात नाही, असा नियम असल्यामुळे ठेवीदार बँक जिवंतही नाही आणि मृतही नाही अशा अवस्थेत अडकला. पंचाहत्तरीच्या माणसाला दहा वर्षे थांबा म्हणणे म्हणजे त्याच्या वारसांना थांबा म्हणणेच होय. २०१९ च्या सप्टेंबरात पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेच्या ठेवीदारांवर तीच पाळी आली, तेव्हा कोठे कायदेमंडळ हलले: ४ फेब्रुवारी २०२० पासून विम्याची मर्यादा पाच लाख झाली, त्याच वर्षी सहकारी बँकांवर रिझर्व्ह बँकेचे अधिकार वाढवण्यात आले, आणि २०२१ च्या दुरुस्तीने निर्बंध लागल्यापासून नव्वद दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद झाली.

बँकेच्या खिडकीवर जे घडले त्याचीच लहान आवृत्ती घराघरांतून घडत असते, आणि तिला ना संघर्ष समिती लाभते ना वर्तमानपत्राचा रकाना. महामुंबई सेझच्या, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्राच्या, वादात पेण तालुक्यातील गावांनी २१ सप्टेंबर २००८ रोजी सार्वमत दिले. त्या सुमारास या पट्ट्यातील जमिनींना जो भाव आला, त्याने म्हाताऱ्या आईबापांच्या सातबाऱ्याला एकाएकी मोल चढले. मग मुखत्यारपत्र, हक्कसोडपत्र, बक्षीसपत्र यांपैकी एखादा दस्त पुढे येतो आणि दुय्यम निबंधकाच्या कचेरीत आजोबांचा हात धरून अंगठा उठवला जातो. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ प्रमाणे, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, सांभाळ न झाल्यास, देणाऱ्याला न्यायाधिकरणापुढे, म्हणजे आपल्याकडे प्रांताधिकाऱ्यापुढे, दरखास्त करून रद्द ठरवून घेता येते. परंतु ही अट होती असे दाखवावे लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले, आणि २०२५ च्या प्रारंभीच्या दुसऱ्या निर्णयात या कलमाचा अर्थ वृद्धांच्या हिताच्या बाजूने उदारपणे लावावा असेही सांगितले. अडचण कायद्याची कमी आणि जिभेची अधिक आहे. पोटच्या मुलाला बक्षीसपत्र करून देताना त्यात सांभाळाची अट घालणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणे, असे आईला वाटते, आणि ही भीडच पुढे तिच्याविरुद्धचा पुरावा ठरते.

भीड ही या इतिहासातील सर्वांत महाग वस्तू आहे, आणि ती बँकेच्या वार्षिक सभेतही असते. नागरी सहकारी बँकेत मताचा अधिकार भागधारकाला असतो. कर्ज घेणाऱ्याला भाग घ्यावेच लागतात, ठेव ठेवणाऱ्यावर तसे बंधन नाही. परिणामी, ज्याने पैसे नेले तो संचालक निवडतो आणि ज्याचे पैसे आहेत तो बाहेर पिग्मीवाल्याची वाट पाहतो. हिशेबपत्रके टाळ्यांच्या गजरात मंजूर होतात, कारण मंचावरचे अध्यक्ष कुलीन, सधन आणि मोठ्या गोताचे असतात. मनूच्या यादीतले गुण त्यांच्या ठायी पुरेपूर असतात, फक्त त्या यादीपुढचा, परीक्षेचा श्लोक कोणी वाचत नाही. ठेवीदारांनाही संचालकांच्या निवडीत मत आणि लेखापरीक्षकाला प्रश्न विचारण्याचा हक्क मिळाला, तर प्रश्न विचारणे हा अपमान राहणार नाही, सभेच्या कार्यक्रमपत्रिकेतला एक नित्याचा विषय होईल; आणि जी म्हातारी आज 'आपल्याच माणसाला कसे विचारायचे' म्हणून गप्प बसते, तिला विचारण्यासाठी धैर्य गोळा करावे लागणार नाही.