ध्वनीची रेघ आणि काळाची रेघ

तुमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत बिनतारी ध्वनिसंवेदक आला असेल, तर त्याच्यासोबतचे पत्रक तुम्हांला चारच गोष्टी सांगते: चार्ज करा, सुरू करा, मोबाइलला किंवा संगणकाला जोडा, नोंद घ्या. दहा मिनिटांत पडद्यावर नागमोडी रेघ दिसू लागते. या पाठात आपण त्या रेघेचा इतिहास पाहणार आहोत. मायक्रोफोन कसा सुधारत गेला, हा नेहमी सांगितला जाणारा भाग येथे थोडक्यात येईल. आपला मुख्य प्रश्न वेगळा आहे. आलेखाचा आडवा अक्ष काळाचा असतो. तो काळ कोणी मोजला, आणि त्यावर आपण विश्वास का ठेवायचा?

काजळीवरची रेघ

एदुआर-लेऑं स्कॉट द मार्तिनविल हा पॅरिसमधला छापखान्यातला माणूस. खिळे जुळवणे, मुद्रिते तपासणे हे त्याचे काम. तपासायला आलेल्या मजकुरातून त्याला कानाच्या रचनेची ओळख झाली आणि कानासारखेच यंत्र बनवता येईल असे त्याला वाटले. १८५७ साली त्याने 'फोनोटोग्राफ' या उपकरणाचे पेटंट घेतले. रचना साधी होती. आवाज गोळा करणारे मोठे नळकांडे, त्याच्या टोकाला ताणलेला पातळ पडदा, पडद्याला चिकटवलेला डुकराचा राठ केस, आणि केसाच्या टोकाखाली हाताने फिरवायचा दंडगोल. दंडगोलावर काजळी धरलेला कागद गुंडाळलेला असे. बोलले की पडदा थरथरे, केस हले आणि काजळीत पांढरी रेघ उमटे.

स्कॉटला आवाज पुन्हा ऐकवायचा नव्हता, हे लक्षात घ्या. ऐकवण्याचे यंत्र एडिसनने १८७७ मध्ये केले. स्कॉटची इच्छा आवाज *वाचण्याची* होती. त्या अर्थाने तुमचा संवेदक एडिसनपेक्षा स्कॉटच्या घराण्यातला आहे.

पण हाताने फिरवलेला दंडगोल एका गतीने फिरत नाही. हात थकला की रेघेच्या लाटा दाटीवाटीने उमटतात, जोर लावला की त्या पसरतात. अशा कागदावरून वारंवारता सांगणार कशी? यावरचा उपाय म्हणजे आवाजाच्या रेघेशेजारी, त्याच कागदावर, त्याच वेळी, नादकाट्याची रेघ उमटवणे. नादकाट्याची कंपने ठरलेली असल्यामुळे दंडगोल कसाही फिरला तरी शेजारच्या लाटा मोजून काळ कळतो. माझ्या मते ध्वनिमापनाच्या इतिहासातली ही सर्वांत कमी गौरवली गेलेली युक्ती आहे.

तिचे मोल कळायला जवळजवळ दीडशे वर्षे जावी लागली. ९ एप्रिल १८६० रोजी स्कॉटने एका फ्रेंच लोकगीताचा तुकडा अशा कागदावर नोंदवला होता. २००८ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी त्या कागदाची प्रतिमा घेऊन संगणकाच्या साहाय्याने ती रेघ ऐकण्याजोगी केली. नादकाट्याच्या रेघेमुळे हाताच्या गतीतले चढउतारही दुरुस्त करता आले. आवाज ऐकून लोकांना वाटले, कोणी स्त्री किंवा मुलगी गाते आहे. पुढच्याच वर्षी उलगडा झाला की आवाज दुप्पट वेगाने वाजवला गेला होता. निम्म्या वेगाने ऐकल्यावर तो सावकाश गाणाऱ्या पुरुषाचा आवाज ठरला, बहुधा खुद्द स्कॉटचा.

गफलत मोजणीच्या रिवाजात होती. नादकाट्याची कंपने सेकंदाला ५०० आहेत असे धरले गेले. पण त्या काळचे फ्रेंच लोक 'साधी कंपने' मोजत, म्हणजे एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जाणे हे एक कंपन आणि परत येणे हे दुसरे. आपण जाऊन-येऊन एक आवर्तन धरतो. त्यामुळे त्यांची ५०० कंपने म्हणजे आपले २५० हर्ट्झ. त्या काळातला पॅरिसचा प्रसिद्ध उपकरणकार रुडॉल्फ कोनिग आपल्या नादकाट्यांवर याच रिवाजाने आकडे कोरत असे. २५६ हर्ट्झच्या नादकाट्यावर ५१२ लिहिलेले असे. म्हणून एखाद्या जुन्या कपाटात असा नादकाटा सापडला तर संवेदक बिघडला आहे असा निष्कर्ष घाईने काढू नका.

नादकाट्याने सुरुवात करा

आता तुमचा संवेदक हाती घ्या. वर्गात अनेक संवेदक एकदम सुरू असतील तर मोबाइलच्या यादीतही अनेक नावे दिसतील. संवेदकाच्या पाठीवर छापलेला क्रमांक पाहून आपलाच जोडा. बहुतेक संवेदकांत दोन प्रकारे नोंद घेता येते: आवाजाची पातळी डेसिबलमध्ये, किंवा प्रत्यक्ष लहर. आत्ता लहर निवडा. नमुने घेण्याचा दर सेकंदाला किमान १०,००० ठेवा आणि नोंदीचा कालावधी अगदी लहान, सुमारे ०.१ सेकंद.

२५६ हर्ट्झचा नादकाटा रबरी ठोकळ्यावर आपटून संवेदकाच्या छिद्राजवळ धरा. आलेखावर एका शिखरापासून पुढची दहा पूर्ण आवर्तने मोजा. त्यांना सुमारे ३९ मिलिसेकंद लागले पाहिजेत. एक शिखर आणि त्याखालची दरी मिळून एक आवर्तन. शिखर वेगळे आणि दरी वेगळी मोजाल तर उत्तर बरोबर दुप्पट येईल. हा प्रयोग करताना तुम्ही वारंवारता शोधत नाही, ती तर नादकाट्यावर कोरलेलीच आहे. तुम्ही संवेदकाचा काळ तपासत आहात.

नमुन्यांच्या दराचाही असाच पेच आहे. एका आवर्तनात दोनांहून अधिक नमुने घेतले नाहीत तर आलेख चक्क खोटी वारंवारता दाखवतो. सेकंदाला १,००० नमुने ठेवून ९०० हर्ट्झचा स्वर वाजवा. पडद्यावर १०० हर्ट्झची सुरेख, गुळगुळीत लहर दिसेल, आणि तिच्याकडे पाहून काहीही शंका येणार नाही. ही मर्यादा तार आणि दूरध्वनीच्या अभियंत्यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ओळखली. नायक्विस्ट आणि शॅनन ही तिच्याशी जोडलेली नावे तुम्हांला पुढे भेटतील.

तार काढल्यावर

मधला इतिहास थोडक्यात असा. १८७८ च्या सुमारास कार्बनचा मायक्रोफोन आला आणि पडद्याचे थरथरणे विजेच्या प्रवाहात उतरले. १८९७ मध्ये ब्राउनने कॅथोड किरणांची नळी केली आणि पुढे तिच्यातून ऑसिलोस्कोप घडला. १९६२ मध्ये बेल प्रयोगशाळेत सेसलर आणि वेस्ट यांनी इलेक्ट्रेट मायक्रोफोन बनवला, त्यामुळे चांगला मायक्रोफोन स्वस्त झाला. १९८० च्या दशकात अमेरिकेत शाळा-महाविद्यालयांच्या संगणकांना संवेदक जोडण्याची चळवळ सुरू झाली. आपल्याकडे दिल्लीच्या आंतर-विद्यापीठ त्वरक केंद्राने 'फिनिक्स' प्रकल्पातून 'एक्सपआइज' हा स्वस्त संच तयार केला, आणि त्यावर ध्वनीचे प्रयोग कित्येक महाविद्यालयांत होतात. तो मात्र तारेने जोडायचा असतो.

तार गेल्याने काय बदलले? ब्लूटूथची पहिली जाहीर मानके १९९९ ची, आणि कमी ऊर्जेवर चालणारा प्रकार २०१० चा. हा दुसरा प्रकार बॅटरी वाचवतो, पण सेकंदाला हजारो नमुने अखंड वाहून नेणे त्याला जड जाते. म्हणून संवेदक सहसा लहरीचा छोटा तुकडा आधी स्वतःच्या स्मृतीत साठवतो आणि मग सावकाश पाठवतो. पडद्यावर लहर क्षणभर उशिरा येते ती यामुळे. तरी तुकड्याच्या आतला काळ बिघडत नाही, कारण तो संवेदकातल्याच घड्याळाने मोजलेला असतो. आवाज आणि काळ अजूनही एकाच कागदावर आहेत म्हणा ना. (मनगटी घड्याळातला क्वार्ट्झचा स्फटिक नादकाट्याच्याच आकारात कापलेला असतो आणि सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो.)

अडचण दोन संवेदक वापरताना येते. एक मीटर अंतर ध्वनी सुमारे ३ मिलिसेकंदांत कापतो. दोन वेगळ्या बिनतारी संवेदकांची घड्याळे एकमेकांशी इतकी जुळलेली असतील याची खात्री नसते. दोन कागदांवर दोन रेघा, आणि शेजारी समाईक नादकाटा नाही! म्हणून ध्वनीचा वेग काढताना एकच संवेदक वापरा. २ मीटर लांबीचा पीव्हीसी पाइप एका टोकाला बंद करा, उघड्या तोंडाशी संवेदक ठेवा आणि तिथेच चुटकी वाजवा. चुटकी आणि तिचा प्रतिध्वनी दोन्ही एकाच आलेखात येतील. ३० अंश सेल्सिअसला ध्वनीचा वेग सुमारे ३४९ मीटर प्रतिसेकंद असतो, तेव्हा ४ मीटरच्या फेरीला साधारण ११.५ मिलिसेकंद लागायला हवेत.

वर्गातले तापमान लिहायला विसरू नका. हा धडा भारतातच गिरवला गेला आहे. मद्रास वेधशाळेचे खगोलशास्त्रज्ञ जॉन गोल्डिंगहॅम यांनी १८२०-२१ मध्ये फोर्ट सेंट जॉर्ज आणि सेंट थॉमस माउंट येथे सुटणाऱ्या तोफांचा प्रकाश आणि आवाज यांतले अंतर मोजले. सोबत तापमान, हवेचा दमटपणा आणि वारा यांचीही नोंद ठेवली. १८२३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांचा निबंध छापला. एक नेमका आकडा देऊन ते थांबले असते तर त्या आकड्याचे फारसे मोल उरले नसते. महिन्यागणिक वेग कसा बदलतो हे त्यांच्या तक्त्यांत दिसते, म्हणून ते आजही वाचावेसे वाटतात.

डेसिबलचा आकडा

पातळीच्या नोंदीत काळ दुसऱ्या रूपाने लपलेला आहे. डेसिबल हे एकक १९२० च्या दशकात अमेरिकी दूरध्वनी अभियंत्यांनी तारांमधली घट मोजायला घडवले. त्यात मानवी कानाची आवडनिवड मिसळली ती फ्लेचर आणि मन्सन यांच्या १९३३ च्या प्रयोगांनंतर. कान खालच्या स्वरांना कमी दाद देतो, म्हणून मापकही त्यांना कमी वजन देऊ लागले. आकड्यापुढचे 'ए' हे अक्षर या वजनाची खूण आहे.

भारताच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत शांतता क्षेत्रासाठी दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल-ए अशी मर्यादा आहे. शिक्षणसंस्थांभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर असे क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. तुमच्या वर्गाच्या खिडकीत संवेदकाने क्षणभर ७२ दाखवले, तर नियम मोडला असे लगेच म्हणता येत नाही. नियमातला आकडा दीर्घ काळातल्या ध्वनिऊर्जेच्या सरासरीचा आहे. आणि डेसिबलांची साधी बेरीज करून ही सरासरी काढता येत नाही. अर्धा तास ५० आणि अर्धा तास ७० असेल तर तासाची सरासरी ६० नव्हे, सुमारे ६७ येते.

तबला आणि डफ

शेवटी एक प्रयोग खास आपल्या वाद्यांचा. साध्या ताणलेल्या चामड्याचे वरचे स्वर मूळ स्वराच्या १.५९ पट, २.१४ पट असे बेसूर पडतात. १९२० मध्ये सी. व्ही. रामन आणि शिवकाली कुमार यांनी 'नेचर' नियतकालिकात दाखवून दिले की मृदंग आणि तबल्यावरच्या शाईच्या लेपामुळे हे स्वर २, ३, ४, ५ अशा पूर्णांकी पटींवर येतात. रामन यांच्या हाताशी ना संवेदक होता ना संगणक. चामड्यावर बारीक वाळू पसरून तिच्या नक्षीवरून ते कंपनाची तऱ्हा ओळखत.

तुम्ही दायाँ आणि डफ दोन्ही वाजवून संवेदकाच्या वर्णपटात शिखरे पाहा. ०.१ सेकंदाच्या तुकड्यातून वारंवारता १० हर्ट्झपेक्षा बारकाईने वेगळ्या करता येत नाहीत, म्हणून येथे नोंद निदान अर्ध्या सेकंदाची घ्या. थाप खुली द्या, म्हणजे स्वर तेवढा वेळ टिकेल. प्रत्येक शिखराला सर्वांत खालच्या शिखराने भागा आणि दोन्ही वाद्यांची गुणोत्तरे वहीत शेजारी शेजारी लिहा. दायाँ नीट लावलेला नसेल तर पूर्णांक मिळणार नाहीत. तेव्हा आधी एखाद्या तबलजीकडून तो लावून घ्या.