कल्याण ते खोडद : भारतीय रेडिओ खगोलशास्त्रातील उपकरणनिर्मितीचा इतिहास

प्रस्तावना

इलेक्ट्रॉनिकी व दूरसंचार या शाखांच्या भारतातील इतिहासाकडे पाहताना आपले लक्ष प्रामुख्याने टेलिफोन, दूरचित्रवाणी, उपग्रह आणि संगणक यांच्या प्रसाराकडे जाते. या तंत्रज्ञानाची दुसरीही एक बाजू आहे. संदेश पाठविण्याऐवजी अत्यंत क्षीण संदेश ग्रहण करणे, हे तिचे कार्य. पुण्याच्या उत्तरेस सुमारे ८० कि.मी. अंतरावर, नारायणगावजवळील खोडद येथे उभी असलेली महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण (जीएमआरटी) हे या बाजूचे ठळक उदाहरण होय. प्रस्तुत लेखात कल्याण, उटी आणि खोडद या तीन टप्प्यांचा आढावा घेऊन, साधनांच्या मर्यादेतून उपकरणाची रचना कशी घडत गेली आणि आज त्या उपकरणापुढे कोणता प्रश्न उभा आहे, याचा विचार केला आहे.

पहिला टप्पा : कल्याण

या इतिहासाच्या केंद्रस्थानी डॉ. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांचे कार्य आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतून ते १९५३ मध्ये ऑस्ट्रेलियास गेले. तेथील पॉट्स हिल केंद्रावर सूर्याच्या निरीक्षणासाठी वापरलेल्या ३२ लहान तबकड्या निरुपयोगी ठरणार होत्या. त्या भारतास मिळाव्यात, असा प्रयत्न त्यांनी केला. तबकड्या भारतात पोहोचण्यास विलंब लागला आणि दरम्यान स्वरूप अमेरिकेस गेले. स्टॅनफर्ड विद्यापीठात त्यांनी पीएच.डी. पूर्ण केली.

१९६१ मध्ये परदेशस्थ चार भारतीय शास्त्रज्ञांनी मायदेशी रेडिओ खगोलशास्त्राचा गट स्थापन करण्याचा प्रस्ताव मांडला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे संचालक डॉ. होमी भाभा यांनी १९६२ च्या प्रारंभी त्यास अनुकूल उत्तर दिले. १९६३ मध्ये स्वरूप परतले आणि १९६५ पर्यंत त्याच ३२ तबकड्या कल्याण येथे उभ्या राहून ६१० मेगाहर्ट्झ वारंवारतेवर सूर्याचे निरीक्षण करू लागल्या. इतर देशाने कामातून काढलेल्या सामग्रीवर हा आरंभ झाला. मात्र ग्राहक यंत्रणा जुळविणे, तारा अंथरणे व मोजमापाची अचूकता सांभाळणे यांचा अनुभव तरुण अभियंत्यांना येथेच मिळाला.

दुसरा टप्पा : उटी

१९७० मध्ये कार्यान्वित झालेली उटीची दुर्बीण ही स्वतंत्र रचनेची निर्मिती होती. तिचा परावर्तक ५३० मीटर लांब व ३० मीटर रुंद असून तो अन्वस्ताकार दंडगोलासारखा आहे. एवढा मोठा परावर्तक दोन अक्षांभोवती फिरविणे अतिशय खर्चिक ठरले असते. त्यावर भूगोलानेच उत्तर पुरविले. या स्थानाचे अक्षांश सुमारे ११ अंश आहेत. तेवढ्याच उताराची, उत्तर-दक्षिण पसरलेली टेकडी निवडल्यामुळे दुर्बिणीचा लांब अक्ष पृथ्वीच्या अक्षास समांतर झाला आणि एकाच अक्षाभोवती फिरवून रेडिओ स्रोताचा सलग नऊ तासांहून अधिक काळ मागोवा घेणे शक्य झाले.

चंद्राआड जाणाऱ्या स्रोतांचे, म्हणजे चांद्र पिधानाचे, निरीक्षण करून अनेक दूरस्थ रेडिओ स्रोतांचा कोनीय आकार येथे मोजण्यात आला. या निरीक्षणांच्या आधारे स्वरूप व विजय कपाही यांनी १९७५ मध्ये मांडलेले निष्कर्ष काळानुसार बदलणाऱ्या विश्वाच्या बाजूचे होते. स्थिर स्थिती सिद्धांताचे एक प्रमुख पुरस्कर्ते डॉ. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) त्या वेळी याच संस्थेत कार्यरत होते, ही बाब विशेष उल्लेखनीय आहे. एकाच संस्थेत परस्परविरोधी विचार नांदू शकले, हे त्या काळातील संशोधनसंस्कृतीचे निदर्शक मानता येईल.

तिसरा टप्पा : खोडद

१९८४ च्या सुमारास मीटर तरंगलांबीच्या मोठ्या दुर्बिणीची कल्पना पुढे आली. उदासीन हायड्रोजन १४२० मेगाहर्ट्झवर प्रारण उत्सर्जित करतो. विश्वाच्या प्रसरणामुळे अतिदूरच्या हायड्रोजनाची लहर ताणली जाऊन ती काही शे मेगाहर्ट्झपर्यंत खाली येते. ती टिपणे हा या योजनेमागील एक प्रमुख हेतू होता. त्यासाठी प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना उभारण्यात आल्या. त्यांपैकी १४ अँटेना सुमारे एक चौरस कि.मी. क्षेत्रात असून उर्वरित १६ इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारख्या तीन भुजांवर आहेत. संपूर्ण विस्तार सुमारे २५ कि.मी. आहे.

खर्चाची अडचण येथेही रचनेतूनच सोडविण्यात आली. परावर्तकासाठी धातूचे भरीव पत्रे न वापरता, ताणलेल्या दोरांच्या सांगाड्यावर बारीक पोलादी तारांची जाळी बसविण्यात आली. तरंगलांबीच्या तुलनेत जाळीची छिद्रे बरीच लहान असली, तर रेडिओ तरंगांना तो पृष्ठभाग अखंडच ‘दिसतो’. २१ सें.मी. किंवा त्याहून दीर्घ तरंगांसाठी एक ते दोन सें.मी.ची छिद्रे चालून जातात. शिवाय जाळीतून वारा आरपार जात असल्याने सांगाडा हलका ठेवता आला. काटकसर आणि भौतिकीचा नियम येथे एकत्र आले.

प्रत्येक अँटेनाचा संकेत प्रकाशीय तंतूंद्वारे मध्यवर्ती इमारतीत आणला जातो. ३० अँटेनांच्या ४३५ जोड्या होतात. प्रत्येक जोडीच्या संकेतांचा सहसंबंध काढून आकाशाचे चित्र तयार केले जाते. ४ ऑक्टोबर २००१ रोजी श्री. रतन टाटा यांच्या हस्ते ही दुर्बीण राष्ट्रास अर्पण करण्यात आली. मूळची सहसंबंध यंत्रणा खास बनविलेल्या इलेक्ट्रॉनिक मंडलांची होती. २०१० पर्यंत हेच काम संगणकांच्या संचावरील सॉफ्टवेअरद्वारे होऊ लागले. २०१३ ते २०१९ या काळातील सुधारणेत बँडविड्थ ३२ मेगाहर्ट्झवरून ४०० मेगाहर्ट्झपर्यंत वाढविण्यात आली. संवेदनक्षमता बँडविड्थच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढत असल्याने, साडेबारा पट रुंद पट्ट्यामुळे ती तत्त्वतः सुमारे साडेतीन पट होते.

शांततेचा प्रश्न

या सुधारणेत एक अंतर्विरोध आहे. पूर्वीचे अरुंद पट्टे तुलनेने शांत जागी ठेवता येत असत. रुंद पट्ट्यात मात्र दूरचित्रवाणी, विमानवाहतूक व उपग्रह यांचे संकेतही शिरतात. नव्या यंत्रणेचे पट्टे ८५० मेगाहर्ट्झला थांबतात व १०५० पासून पुन्हा सुरू होतात. मोबाइल सेवेची ९०० मेगाहर्ट्झच्या आसपासची वारंवारता नेमकी याच मोकळ्या जागेत येते. ज्या दूरसंचार तंत्रज्ञानाने दुर्बीण समर्थ केली, त्याच तंत्रज्ञानाचा प्रसार तिच्या कार्यात व्यत्यय आणतो.

हा केवळ तांत्रिक प्रश्न नाही. खोडदची निवड झाली, तेव्हा रेडिओ गोंगाटाचे अल्प प्रमाण हे एक महत्त्वाचे कारण होते. ही शांतता त्या भागातील औद्योगिकीकरणाच्या अभावाशी जोडलेली होती, हे मान्य करावे लागते. पुणे–नाशिक रेल्वेमार्गाच्या मूळ आखणीस दुर्बिणीच्या कारणास्तव हरकत आली आणि मार्ग बदलण्याचा निर्णय पुढे आला, तेव्हा या परिसरातून मूळ मार्गाचाच आग्रह धरण्यात आला. जगभरच्या शास्त्रज्ञांना उपयुक्त अशा उपकरणाची किंमत काही अंशी जुन्नर-आंबेगावच्या रहिवाशांनी मोजावी काय, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. विज्ञानाची थोरवी सांगून तो टाळता येणार नाही.

समारोप

कल्याणला जुन्या तबकड्या, उटीला टेकडीचा उतार आणि खोडदला तारांची जाळी, या तिन्ही ठिकाणी मर्यादेचा नीट अभ्यास करून तिच्यातून रचना साधण्यात आली. त्यामुळे या इतिहासास केवळ ‘कमी पैशांतील काम’ म्हणणे अपुरे ठरते. मात्र शांतता ही मर्यादा रचनेने भरून काढता येत नाही. ती समाजाच्या संमतीनेच टिकू शकते. यासाठी अभियंता, नियोजनकार आणि स्थानिक ग्रामस्थ यांच्यात आखणीच्या प्रारंभापासूनच विचारविनिमय होणे आवश्यक आहे. आमच्या महाविद्यालयांतील इलेक्ट्रॉनिकी, भूगोल व समाजशास्त्र या विभागांना एकत्रित अभ्यासासाठी याहून जवळचा विषय क्वचितच सापडेल.